दांडा वर ठेवलेला पंप

सायकलला पंप बांधताना दांडा खाली दाबून ठेवायचा असतो, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. बाबाजींचा पंप मात्र कायम दांडा पूर्ण वर ओढलेला असायचा. सायकलच्या आडव्या नळीला जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेला, रबरी नळीच्या तोंडात मेणाचं बूच, आणि दांडा चुकूनही आत सरकू नये म्हणून मुठीखाली बांबूच्या चिपा. असा तो पंप एवढा लांब होई की मूठ थेट हँडलच्या पुढे डोकवायची. समोरून येणाऱ्या नवख्या माणसाला वाटावं, हा म्हातारा बंदूक रोखून येतोय.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा समजलो, दांडा अडकलाय. अंगात नको तेवढा शहाणपणा होता. म्हणालो, "बाबाजी, द्या इकडे, मी दाबून देतो."

त्यांनी झटकन पंपावर आडवा हात ठेवला. "हात नोको लावू. भरला हाये तो."

हवा भरायची ती चाकात, पंप आपला रिकामाच असतो, असं मी तोवर समजत होतो. पण नव्या घरमालकाशी पहिल्याच आठवड्यात वाद कशाला घाला, म्हणून गप्प बसलो.

मी कृष्णाकाठचा. डाकसेवकाच्या भरतीत मार्कांवर नाव लागलं आणि राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अर्जुनी मोरगावपासून आत असलेल्या एका गावात जाऊन पडलो. गाव वाईट नव्हतं. एका अंगाला तलाव, दुसऱ्या अंगाला जंगल, मधे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं. माणसंही बोलायला रोखठोक पण मनाने सरळ. मला राग होता तो एकूण सगळ्याचाच. माझा स्वभाव तेव्हा तिरसट होता, आज फार सुधारला आहे असं घरचेही म्हणत नाहीत. आल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं, संधी मिळाली की बदली मागायची आणि घरचा रस्ता धरायचा.

खोलीसाठी पोस्टातल्या लोकांनी मला बाबाजींकडे धाडलं होतं. एकटा माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दुसरे घरमालक आधी जात विचारतात, मग खाणं, मग लग्न कधी करणार ते. यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "सायकल हाये काय?"

"घेणार आहे. टपाल वाटायला लागेलच."

"आन पंप?"

"पंप कशाला? अर्जुनीत हवा भरून मिळते की."

ते उठून आत गेले. मला वाटलं, खोली गेली. थोड्या वेळाने चपला घालून बाहेर आले. "चाल. पयले पंप घेऊ. मंग खोली पाहू."

ती पंपाची खरेदी मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी अर्जुनीतल्या सायकलच्या दुकानदाराला भिंतीवरचे सगळे पंप खाली काढायला लावले. प्रत्येकाचा दांडा वर ओढायचा, नळीच्या तोंडावर अंगठा दाबायचा, डोळे मिटायचे आणि दांड्यावर हलकासा भार देऊन उभं राहायचं. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. सायकलच्या नळीला चिमट्याने अडकतो तसला छोटा प्लास्टिकचा पंप त्यांनी नुसता हातात धरून परत दिला. "याले पोटच नाही." घड्याळासारखी तबकडी असलेला एक चकचकीत, पायाने दाबायचा पंप मला आवडला होता. "हवा मोजून काय करशीन? चाकाले बोट लावलं का समजते," म्हणत त्यांनी तोही सरकवला. एक खोकतो म्हणून नाकारला, एक हवा गिळत नाही, नुसती चाटतो म्हणून.

शेवटी दुकानदार वैतागला. "बाबाजी, लेना है तो लेवो! हे काय दवाखाना हाये का? पंपाची नाडी पाहून राहिले तुमी!"

"माळ्यावर काय हाये?" बाबाजींनी शांतपणे विचारलं.

माळ्यावरून धूळ खात पडलेला एक लोखंडी पंप खाली आला. आत रबरी नव्हे, चामड्याचा वॉशर. त्यावर अंगठा ठेवून ते इतका वेळ थांबले की मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. परतलो तरी तसेच उभे. मग डोळे उघडून म्हणाले, "हा धरून ठेवते."

घरी आल्यावर त्यांनी तो वॉशर मोहाच्या बियांच्या तेलात भिजवून दिला आणि पंप कुठे बांधायचा ते दाखवलं. मी तो मागे कॅरिअरवर ठेवत होतो. "तिथं नाही," ते म्हणाले. "कॅरिअरवर मानूस बसते."

त्यांच्या स्वतःच्या कॅरिअरवर मात्र मी कधी माणूस पाहिला नाही. माणूसच काय, भाजीची पिशवीसुद्धा नाही. तांदळाचं पोतं आणायचं असलं तरी ते डोक्यावर घेऊन सायकल हाताने ढकलत आणायचे आणि कॅरिअर रिकामं ठेवायचे.

असल्या विचित्र सवयी त्यांना पुष्कळ होत्या. ते फुंकर मारत नसत. चहा गरम असला तर बशीत ओतून निवेपर्यंत बसून राहत. चुलीतला जाळ विझायला आला तर फुंकणी बाजूला पडलेली असे आणि हे सुपाने वारा घालत. देवापुढची वात हाताच्या वाऱ्याने विझवत. एकदा पायात काटा मोडला तेव्हा मी खाली वाकून जखमेवर फुंकर घातली, तर म्हणाले, "कायले वाया घालवतेस गा?" बोलतानाही वाक्य मधेच तोडून थांबायचे. मला वाटायचं विसरले. ते श्वास घेत असायचे.

दिवाळीनंतर त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. पाव्हणे येतात, दंडारीचे नाचगाण्याचे खेळ होतात, नाटकं होतात, सगळा गाव रस्त्यावर असतो. मी त्यांना आग्रहाने सोबत नेलं. फुगेवाला पंपाने फुगे फुगवत बसला होता. एका पोराच्या हातातला फुगा फटकन फुटला, पोरगं रडायच्या ऐवजी हसायला लागलं. मी मागे पाहिलं तर बाबाजी खाली उकिडवे बसलेले, दोन्ही कानांवर हात. चेहरा असा की घरातलं कोणी गेल्याची बातमी आलीय. मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. वाटेत एवढंच म्हणाले, "कोनाची होती कोन जाने."

तोवर मी हे सगळं विक्षिप्तपणात जमा करत होतो. माझ्या मनातली पहिली चुळबुळ त्या हिवाळ्यातली. तलावावरून धुकं असं चढलं होतं की अंगणातलं तुळशीवृंदावन दिसत नव्हतं. टपालाची थैली आणायला निघालो तर माझी सायकल त्यांच्या सायकलमागे अडकलेली. हँडल धरलं तर लोखंड हाताला झोंबलं. रात्रभर पंपासकट बाहेरच राहिलेली त्यांची सायकल बाजूला करताना हात पंपाला लागला.

पंप कोमट होता.

मी पुन्हा हात लावला. शेजारची नळी बर्फ, घंटी बर्फ, आणि पंप माणसाच्या कपाळाइतका कोमट. मागे धुक्यात ते उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"हात काढ," ते हळूच म्हणाले. "झोपली असन."

मी थैली आणायला गेलो. दिवसभर तळहात पँटला पुसत होतो.

संध्याकाळी त्यांनी आपण होऊन सांगितलं. लपवण्यासारखं त्यांच्या मते त्यात काहीच नव्हतं.

त्यांच्या बायकोला दमा होता. एका उन्हाळ्यात भर दुपारी तिला श्वास लागला, ओठ निळे पडले. तेव्हा गावात गाडी नाही. यांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, आपल्या पाठीला तिचं लुगडं बांधलं आणि अर्जुनीच्या दवाखान्याची वाट धरली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, मोठ्या मोहाच्या झाडाशी, मागचं चाक बसलं. जवळ पंप नव्हता. तिला झाडाला टेकवून हे गावाकडे पळाले, शेजारचा पंप घेऊन तसेच परत पळत आले.

"ती होती," ते म्हणाले. "पाहून राहिली होती मायाकडं. मी नळी चाकाले लावाले बसलो. पंप तिच्या तोंडापासीच होता. दांडा वर ओढला... आन तिनं दम सोडला. मंग घेतलाच नाही."

चुलीवर भात करपत होता, तो उतरवायचं दोघांनाही सुचलं नाही.

"मी ओढलेला दांडा हातात. आता खाली दाबला असता तं तिचा शेवटचा दम त्या टायरात गेला असता. आन त्याच टायरवर तिले घरी आनाची. कसा दाबू, सांग? नळीवर अंगठा ठेवला आन बसून राहिलो. लोक बैलबंडी घेऊन आले तवापर्यंत अंगठा काढला नाही." मग जरा सावरून, सहज सांगावं तसं म्हणाले, "कोनी फोटो लावते. कोनी अस्थी घेऊन काशीले जाते. मायाजवळ हे हाये."

मला त्या रात्री त्यांची भीती वाटली, आणि दया आली, आणि सगळ्यात जास्त वाटलं ते हे, की मी त्यांच्या जागी असतो तर मीही दांडा दाबला नसता.

आता पाळीबद्दल सांगितलं पाहिजे. गावातून अर्जुनीकडे जायचा तो सगळ्यात जवळचा रस्ता. खाली शिंगाड्याच्या वेलींनी झाकलेलं पाणी, वर ते मोहाचं झाड. दुपारी तिथे पान हलत नसे. आणि तिथे चाकातली हवा जायची. माझीही गेली होती, एकदा नाही, कितीदा तरी. झाडाजवळ आलं की खालून बारीक आवाज यायचा, कोणी दातांतून श्वास सोडावा तसा, आणि चाक मऊ पडायचं. मी बाभळीच्या काट्यांना शिव्या घालायचो. अर्जुनीतल्या पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात बुडवून सगळीकडून फिरवली. बुडबुडा नाही. "पंक्चर नाही साहेब," तो हात पुसत म्हणाला, "पाळीवरून आले काय?"

गाव काय म्हणत होतं हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. त्यांच्याच घरचा तो पंप, जो मागायला बाबाजी धावले होते. काकू फटकळ, पण रोज एक भाकर त्यांच्यासाठी जास्त थापणाऱ्या. त्यांच्या मुलाचं किराण्याचं सामान सायकलवर येई आणि पाळीवर दर खेपेला चाक बसे. एका दुपारी त्या कपाळाचा घाम पुसत थेट आमच्या अंगणात आल्या.

"भाऊजी, आता सोडा तिले," त्या उभ्यानेच म्हणाल्या. "तुमी तिचा दम कोंडून ठेवला, म्हनून ती तिथं बसून लोकायच्या चाकातली हवा ओढते. जित्तेपनी दम पुरला नाही तिले, आता मेल्यावरही नाही पुरून राहिला. पाप हाये हे."

"सोडलं तं जाईन कोठं ती?"

"जाईन जिथं सगळे जातेत."

"सगळे कोठं जातेत, तुमाले माईत हाये काय?"

काकू पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "नाही माईत. पन पंपात तं नाही जात ना भाऊजी कोनी."

त्या गेल्यावर ते पंप घेऊन ओसरीवर बसले. घरात असला की तो देवाच्या कोनाड्याशेजारी खिळ्यांवर उभा टांगलेला असे, त्या दिवशी त्यांनी तो मांडीवर घेतला होता. मी पाहिलं, बांबूच्या चिपा घसरून दांडा किंचित खाली आलेला होता. त्यांनीही पाहिलं होतं. चामड्याचा वॉशर कितीही तेल पाजलं तरी चामडंच. तो आकसत चालला होता आणि आतलं हळूहळू बाहेर जात होतं.

त्या दिवसापासून त्या माणसाचं जेवण तुटलं. अर्जुनीतली, सौंदडची, पार आमगावपर्यंतची सायकलची दुकानं त्यांनी पालथी घातली. मला आता कळत होतं, माझ्या वेळी ते पंपावर अंगठा ठेवून डोळे मिटून काय शोधत होते. पण घट्ट पंप सापडला तरी या पंपातलं त्या पंपात घालणार कसं? बूच काढलं की गेलं. हे त्यांनाही कळत होतं. रोज संध्याकाळी ते दांड्यावर कोळशाने खूण करायचे आणि सकाळी खूण पंपाच्या झाकणाकडे सरकलेली असायची. "थोडी राहिली," म्हणायचे.

एकदा मी विचारलं, "बाबाजी, त्यांना कशाची हौस होती?" म्हटलं, मन दुसरीकडे वळेल.

"गाडीची," ते लगेच म्हणाले आणि पहिल्यांदाच हसले. "आगगाडीची. माहेर सौंदडचं तिचं. घराच्या मागून गाडी जाये. सारं लहानपन गाडी पाहून राहिली, बसली कधी नाही. लग्न होऊन आली ते बंडीतच, माहेरी गेली ते बंडीतच. अर्जुनीले बाजाराले गेलो का स्टेशनात उभी राहाची. शेवटचा डब्बा दिसे तवापर्यंत. मी म्हनो, पुढच्या साली बसू. पुढच्या साली बसू."

माझी बदली झाल्याचं पत्र उन्हाळ्यात आलं. ज्याची वाट पाहिली ते हातात आल्यावर आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्या घरातली माझी अशी कोणती वस्तू होती जी सोडवत नव्हती, हे मला सांगता येत नव्हतं. सायकल मी सोबत न्यायचं ठरवलं. पेटी सकाळच्या बसने पुढे धाडली. दुपारच्या गाडीसाठी आम्ही दोघं सायकलने निघालो, मी आणि मला सोडायला ते.

पाळ आली की ते नेहमी उतरून चालत. मीही उतरलो. ऊन नुसतं पांढरं पडलं होतं. शिंगाड्याची पानं पाण्यावर चिकटवल्यासारखी स्थिर. मोहाजवळ आलो आणि तो आवाज आला. लांब, सावकाश. माझं पुढचं चाक माझ्या डोळ्यांदेखत बसलं, रिम जमिनीला टेकली.

मी चिडून माझा पंप सोडायला लागलो. "थांब," ते म्हणाले.

ते माझ्या चाकाकडे पाहत होते, मग झाडाकडे, मग पुन्हा चाकाकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं.

"माया चाकाची हवा इथं एकदाई नाही गेली," ते म्हणाले. "इतके साल जाऊन राहिलो, येऊन राहिलो. एकदाई नाही. मले वाटे, माया लिहाज ठेवते, नवरा म्हनून."

"बाबाजी, उशीर होईल."

"आयक ना बाबू. लोक म्हनतेत ती हवा ओढते. मीही मनात तेच धरून चाललो. ओढत नाही गा ती. जागा करून राहिली. इथून जो जाते त्याचं चाक रिकामं करून पाहते, मले घेऊन जा म्हनते. आन जो तो अडानी, आपलीच हवा परत भरून निंगून जाते." ते थांबले, श्वास घेतला. "माया चाकात काऊन येईन? मी जातो कोठं? कोठंई गेलो तरी वापस घरीच. तिले पुढं जाचं हाये."

माझ्या अंगावर काटा आला. भर उन्हात.

"तुया गावाले गाडी जाते?"

"गावाला नाही. जवळच्या स्टेशनापर्यंत जाते."

"लांब हाये?"

"एक रात्र आणि पुढचा अर्धा दिवस."

"मंग ठीक," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या सायकलवरच्या ट्यूबच्या पट्ट्या एकेक करून सोडल्या. उन्हाने रबर चिकटलं होतं, नखाने खरवडावं लागलं. बांबूच्या चिपा काढल्या. बूच काढल्याबरोबर नळीवर अंगठा दाबला, आणि तो अंगठा पाहून मला कळलं की त्या दुपारी लोक बंडी घेऊन येईपर्यंत हा माणूस कसा बसला असेल. नळी माझ्या चाकाला लावली. दोन्ही हात मुठीवर ठेवले. आणि मग नुसतेच उभे राहिले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

मला पाहवेना. "राहू द्या बाबाजी. माझा पंप आहे. मी भरतो."

"तुया पंपानं भरलं तं जागा जाईन," ते म्हणाले आणि त्यांनी दांडा दाबला. घाई नाही, जोर नाही. पार खालपर्यंत.

एका दाबात सायकलचं चाक भरत नाही. आणि त्या पंपात तर अर्धीही हवा उरलेली नव्हती. पण रिम जमिनीवरून उचलली गेली. टायर गोल झाला. मी बोट लावून पाहिलं, दगडासारखा कडक. मला याचं कारण सांगता येत नाही, आणि ज्याला सांगता येईल त्याच्याशी मला वाद घालायचा नाही.

"जाय आता," ते म्हणाले. "गाडी जाईन."

"तुम्ही स्टेशनवर नाही येणार?"

"मी कायले? पुढच्या साली, पुढच्या साली म्हननारा मानूस." आणि मग, माझ्याकडे नाही, चाकाकडे पाहून, "खिडकीपासी बसजो."

पाळ उतरताना मी मागे पाहिलं. ते मोहाच्या बुंध्याला टेकून बसले होते, पंप मांडीवर आडवा. दांडा आत.

गोंदियाकडे जाणाऱ्या गाडीत सायकल मी दाराशी, खिडकीला टेकवून उभी केली. गर्दी नव्हती. सौंदड आलं, गाडी मिनिटभर थांबली. मी सायकलचं हँडल धरून उभा होतो. ते माझ्या हातातून हळूच वळलं आणि पुढचं चाक दाराकडे झालं, रुळांमागच्या घरांकडे. गाडीला धक्का बसला असेल. पण गाडी तेव्हा उभी होती. ती सुटली, घरं मागे गेली, मग हँडल सैल झालं. गोंदियाला सायकल पुढच्या गाडीच्या पार्सल डब्यात चढवताना हमालाने व्हॉल्वच्या टोपीला हात घातला, "हवा निकाल दूँ क्या, भैया?" मी त्याच्यावर असा ओरडलो की फलाटावरचे लोक वळून पाहायला लागले. कधी नव्हे ते मी नंतर त्याची माफी मागितली.

या गोष्टीला आता काही काळ झाला. मागचं चाक महिन्याभरात उतरतं, ते मी भरतो, त्याच माळ्यावरच्या लोखंडी पंपाने. पुढच्या चाकाला मी आजवर पंप लावलेला नाही.

काकू फोनवर सांगतात, पाळीवर आता कोणाची हवा जात नाही. आणि बाबाजी आता चहावर फुंकर मारून पितात. हे ऐकलं तेव्हा मला आनंद व्हावा की वाईट वाटावं हे कळलं नाही, मी नुसताच हुंकार दिला.

दर रविवारी दुपारी काकूंच्या फोनवरून ते बोलतात. माझी चौकशी दोन शब्दांत संपते. मग, "चाक कसं हाये?"

"कडक आहे."

"ने जरा जवळ."

मी फोन चाकाजवळ ठेवतो आणि बाजूला होतो. पहिल्यांदा मला स्वतःचीच लाज वाटली होती. आता वाटत नाही. कानावर येतं ते साधंच असतं. भाताचा रोवणा झाला, तलाव भरला, काकूंचा नातू चालायला लागला. मधे मधे ते थांबतात, समोरचं माणूस बोलत असताना आपण थांबतो तेवढंच, आणि म्हणतात, हव, हव.

गेल्या रविवारी बोलणं झाल्यावर मी फोन उचलून कानाला लावला. ते अजून लाइनवर होते.

"बाबू, जिन्याखाली काऊन ठेवली गा तिले?"

सायकल घरात कुठे असते हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काकूंनाही नाही. विचारलंच नव्हतं कोणी.

"कोंदट होते म्हनते तिथं," ते म्हणाले. "तिले पयलेपासूनच दम लागे ना."

फोन ठेवला आणि मी सायकल खांद्यावर घेऊन गच्चीवर नेली. आमच्या गच्चीवरून रेल्वेचे रूळ दिसत नाहीत, पण वारा इकडचा असला की संध्याकाळची गाडी ऐकू येते. आई कपडे काढायला वर आली होती. तिने विचारलं, "अरे, गच्चीवर सायकल कशाला आणलीस?"

"तिला खाली कोंदट होतं," मी म्हणालो, आणि पुढचं चाक रुळांच्या बाजूला करून ठेवलं.